परसबागेंतील घायपात

घायपात, किंवा कांहीं भागांत म्हणतात तें केकताड, आपल्या शेतकरी बंधूंस बांधावरील कुंपण व दोरांचा वाख यांमुळें ठाऊकच आहे. शोभेकरितांहि तें परसांत लावण्यांत येतें. हौस स्तुत्य आहे. परंतु वीतभर रोप पाहून जागा ठरविली जाते, व पुढें तेंच झाड अंगण अडवून बसतें.

मूळ मेक्सिको देशचें हें झाड दिसण्यांत कोरफडीसारखें असलें तरी स्वभावानें निराळें. कोरफड वरचेवर फुलते. घायपाताचें झाड सबंध आयुष्यांत एकदांच फुलतें व नंतर मरतें. शंभर वर्षांनीं फूल येतें असें कोणी सांगतात, ती अतिशयोक्ति होय. कांटेरी कडांच्या मोठ्या अमेरिकाना जातीस साधारणपणें १० ते ३० वर्षें लागतात. वाखाकरितां लावतात ती सिसल जात याहून लवकर फुलते. इतकीं वर्षें सांठविलेला रस व साखर मग एका दांड्यांत खर्ची पडते. तो दिवसाला ४-६ इंच वाढून २०-२५ फूट उंच जातो. मेक्सिकोंत दांडा निघण्याच्या सुमारास गाभा कोरून जमणारा रस काढतात, व तो आंबवून पुल्के नांवाचें पेय करितात, तें याच कारणानें.

तेव्हां जागा हीच मुख्य गोष्ट. झाडाचा घेर ६ ते १० फूट होतो. पानाच्या टोंकाचा कांटा सुईसारखा असून नेमका लहान मुलाच्या अथवा वासराच्या डोळ्याशीं येतो; तो कातरून टाकिला तरी झाडास अपाय होत नाहीं. पायवाट व गोठा यांपासून रोप चांगलें दूर असावें, व डोक्यावर विजेची तार नसावी. हद्दीशीं तर लावूंच नये. आमची सारी नोकरी जमिनीच्या दप्तरांत गेली. बुडाशीं फुटणारे मुनवे हद्दीचा दगड ओळखीत नाहींत, आणि कुंपण हातभर सरकलें म्हणजे शेजारधर्म अर्जावर उतरतो, हें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे.

जमीन मुरमाड व निचऱ्याची हवी. काळ्या जमिनींत मुरमाचा उंचवटा करून त्यावर रोप लावावें, कारण पावसाळ्यांत बुडाशीं पाणी सांचलें कीं गाभा कुजतो. खतपाणी बेताचेंच. पानें तोडतांना हात झांकावे. रस लागल्यास कातडीस खाज सुटते व फोडहि येतात.

दांडा दिसतांच छाटला तर झाड वाचेल, अशी पुष्कळांची समजूत असते. तसें बहुधा होत नाहीं. झाड जातें तें जातेंच, आणि इतक्या वर्षांनीं आलेलें फूलहि हातचें जातें. त्यापेक्षां एक-दोन मुनवे आधींपासून कुंडींत वाढवून ठेवावे. सिसलच्या दांड्यावर तर लहान रोपेंच शेंकड्यांनीं धरतात. वाळलेला दांडा वळिवाच्या वाऱ्यापूर्वीं उतरवावा, व बुडखा काढण्यास पहार घ्यावी. नुसत्या कुदळीनें तो हालत नाहीं.