एकच बटण, तीन अक्षरं : प्रमाणित मांडणी म्हणजे काय?

नवीन ॲप उघडलं तरी भिंगाचं चित्र म्हणजे 'शोधा' हे कुणी सांगावं लागत नाही. सगळीकडे तेच असतं. याला प्रमाणित मांडणी म्हणतात. वेगळी मांडणी आली की पुन्हा शिकावं लागतं.

आपलं उदाहरण मराठी कीबोर्डचं. इंग्रजी 'डी'चं बटण दाबा. जुन्या टाइपरायटरच्या पद्धतीत 'क' उमटतो, उच्चारानुसार लिहिण्याच्या पद्धतीत 'द', तर इनस्क्रिप्टमध्ये पाय मोडायचं चिन्ह! 'कि' लिहिताना टाइपरायटर पद्धतीत वेलांटी आधी, इनस्क्रिप्टमध्ये 'क' आधी.

इनस्क्रिप्ट ही सरकारमान्य मांडणी. १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात ती दिलेली आहे. मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. 'क'च्या बटणासोबत शिफ्ट दाबलं की 'ख', 'ग'सोबत 'घ'. गुजराती, कन्नड, तेलुगूतही 'क' त्याच बटणावर.

मग सगळे तीच का वापरत नाहीत? कारण सवय! ज्याची बोटं इंग्रजीवर बसली, त्याला 'डी'वर 'द'च सोपा वाटतो. म्हणजे मानक कागदावर ठरतं, पण रुजतं ते हातात. म्हणून मांडणी बदलायचीच, तर नव्याने शिकण्याचे कष्ट वसूल होतील एवढा फायदा हवा.

केंदूरहून टायपिंगच्या परीक्षेला जाणाऱ्यांनो, अर्ज भरतानाच विचारा : तिथे कोणती मांडणी आहे? सराव त्याच मांडणीवर करा.