इंजिन पुन्हा बांधताना ऑइल पंप कोणता बसवावा?

मागच्या व्याख्यानात आपण बेअरिंगमधली फट कशी मोजायची ते पाहिलं. त्यानंतर एकच प्रश्न फिरून फिरून आला: "इंजिन जास्त ताकदीचं करून बांधतोय, तर ऑइल पंपही मोठाच टाकावा ना?" आजचं बोलणं या एका प्रश्नावर.

उदाहरणाला एक ठरावीक इंजिन घेऊ, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. शेव्हरोलेचं स्मॉल-ब्लॉक व्ही-८. हे १९५५ साली २६५ घनइंचांचं म्हणून आलं आणि १९६७ च्या कॅमॅरोमध्ये त्याचा ३५० घनइंचांचा अवतार दिसला. अमेरिकेत लोक घरच्या गॅरेजमध्ये हे इंजिन उघडतात, बांधतात. आम्हीही त्याच्यावरच शिकलो आणि त्याच्यावरच चुकलो. ती चूक पुढे सांगतो.

आधी पंप काय करतो ते बघू. स्मॉल-ब्लॉकचा पंप मागच्या मेन कॅपला बोल्टने लावलेला असतो, खाली ऑइलच्या चेंबरमध्ये. डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याला एक छोटा शाफ्ट जोडलेला असतो, तो या पंपाला फिरवतो. म्हणजे क्रँकचे दोन फेरे झाले की पंपाचा एक. आत दोन गिअर एकमेकांत अडकून फिरतात. बऱ्याच जणांना वाटतं की तेल त्या दोन गिअरच्या मधून जातं. तसं नाही. दातांच्या खाचांमध्ये भरून ते बाहेरच्या भिंतीकडून वळसा घालून पलीकडे जातं. मध्ये दात एकमेकांत बसतात, त्यामुळे तेलाला परतीची वाट राहत नाही.

यातून आजचा मुख्य मुद्दा निघतो. पंप तेल ढकलतो. दाब पंप तयार करत नाही. तेलाला पुढे जिथे अडथळा होतो, तिथे दाब तयार होतो. बागेतल्या पाइपचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाणी जोरात उडतं, पण नळ तोच असतो ना? इंजिनात अंगठ्याचं काम बेअरिंगची फट करते.

आता या फटीचा हिशेब बघा. ३५० चा मेन जर्नल साधारण २.४५ इंचांचा. जर्नलच्या दर इंचामागे एक थाउ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे फट अडीच थाउच्या आसपास. फटीतून गळणारं तेल मात्र फटीच्या प्रमाणात वाढत नाही, फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. फट दोन थाउवरून तीन थाउ झाली, म्हणजे दीडपट. दीडचा घन करा: ३.३७५. तेवढ्याच दाबाला तिथून तिपटीहून जास्त तेल निसटणार.

आणि बाजारातला "हाय व्हॉल्यूम" पंप किती जास्त तेल देतो? स्मॉल-ब्लॉकच्या साध्या पंपाचे गिअर सुमारे १.२ इंच उंचीचे, मोठ्या पंपाचे १.५ इंच. म्हणजे पंचवीस टक्के जास्त. तिपटीचं भोक पंचवीस टक्क्यांनी बुजत नाही.

बाजारात दोन गोष्टी मिळतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. हाय व्हॉल्यूम म्हणजे उंच गिअर, दर फेऱ्याला जास्त तेल. हाय प्रेशर म्हणजे रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग कडक. हा व्हॉल्व्ह ठरावीक दाबाला उघडतो आणि जादा तेल पंपाच्याच ओढणाऱ्या बाजूला परत सोडतो.

समजा गाडी ५,००० आरपीएमवर आहे आणि व्हॉल्व्ह उघडलेला आहे. आता मोठा पंप लावला तर काय होईल? काटा जिथे होता तिथेच राहील. जादा तेल आतल्या आत गोल फिरत राहील, तापत राहील. मोठ्या पंपाचा फरक दिसतो तो व्हॉल्व्ह बंद असताना, म्हणजे मुख्यतः गरम इंजिन आयडलवर असताना. आणि कडक स्प्रिंगचा फरक दिसतो तो फक्त वरच्या आरपीएमला. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

मग दाब किती हवा? रेसिंगवाल्यांचा ठोकताळा आहे: दर १,००० आरपीएमला १० पीएसआय. ६,००० ला ६०. त्याच्या वर फारसं काही मिळत नाही, कारण क्रँक तरंगतो तो पंपाच्या दाबावर नाही. तो स्वतःच्या फिरण्याने तेल पाचरीसारखं फटीत ओढतो आणि त्या पातळ थरात पंपाच्या कितीतरी पट दाब तयार होतो. पंपाचं काम एवढंच, की तिथे तेल कमी पडू द्यायचं नाही. नंतरच्या वोर्टेक ३५० साठी कंपनीने दिलेली किमान मर्यादा बघा: १,००० आरपीएमला ६ पीएसआय. आयडलवर काटा १५ वर दिसला की घाबरणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आता आमची चूक. एक ३५० बांधलं. थंड असताना दाब उत्तम, गरम झालं की आयडलवर काटा जवळजवळ तळाशी. आम्ही चेंबर उतरवलं, हाय व्हॉल्यूम पंप टाकला. काटा वर आला, आम्ही खूश. काही आठवड्यांनी खालून ठक-ठक आवाज यायला लागला. उघडून पाहिलं तर एका मेनची फट तीन थाउच्या बरीच पुढे, आणि त्या मेनवरून ज्या कनेक्टिंग रॉडला तेल जातं त्याचं बेअरिंग जळालेलं. खरं सांगायचं तर पाच मेनपैकी आम्ही तीनच मोजले होते. काटा आम्हाला काहीतरी सांगत होता आणि आम्ही त्याचं तोंड बंद केलं. पंपाचे पैसे किरकोळ होते. क्रँक पुन्हा ग्राइंड करावा लागला.

म्हणून नियम असा, की दाब कमी दिसला तर पंपाआधी गळती शोधा. मेन, रॉड, कॅमची बेअरिंगं, आणि टायमिंग चेनच्या मागे ऑइल गॅलरीला लागणारे प्लग. मागच्या मेन कॅपखाली आणखी एक प्लग असतो. तो विसरला तर दाब नीट दिसेल, पण तेल फिल्टरला वळसा घालून तसंच पुढे जाईल.

मोठ्या पंपाविरुद्ध एक आक्षेप नेहमी ऐकू येतो, की तो ताकद खातो. हिशेब करून बघू. मिनिटाला ४० लिटर तेल, ४ बार दाब. गुणाकार केला की येतात सुमारे २६७ वॅट. एक तृतीयांश हॉर्सपॉवरच्या आसपास. घर्षण धरून दुप्पट म्हणा हवं तर. ३५० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला याने फरक पडत नाही. खरा ताण पडतो थंडीत, पहिल्या स्टार्टला, घट्ट तेलात. तो डिस्ट्रिब्युटरच्या गिअरवर आणि त्या छोट्या शाफ्टवर येतो. मूळ शाफ्टच्या सांध्याला प्लास्टिकची बाही असते. पंप कोणताही असो, तिथे स्टीलच्या बाहीचा शाफ्ट घ्या.

मोठा पंप कधीच नको का? हवा असतो. फट मुद्दाम मोठी ठेवली असेल, ऑइल कूलर आणि त्याच्या लांब नळ्या असतील, पिस्टनखाली तेलाचे फवारे असतील, तर तो घ्या. पण वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर काटा पडत असेल, तर तिथे जाळीपाशी तेलच नाही, पंप हवा ओढतोय. त्याला आडव्या पट्ट्यांचं, जास्त तेल मावणारं चेंबर लागतं. नसलेलं तेल मोठा पंप कुठून आणणार?

शेवटी बसवण्याबद्दल. पिकअपची जाळी चेंबरच्या तळापासून पाव ते तीन अष्टमांश इंच वर हवी. आता आठवा, मोठ्या पंपाचे गिअर ०.३ इंचांनी उंच आहेत. तेवढं झाकण खाली येतं, त्याच्याबरोबर पिकअपही. म्हणजे जुनाच पिकअप लावला तर जाळी तळाला टेकू शकते. जाळीवर मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा गोळा ठेवा, चेंबर गॅस्केटसकट लावून काढा आणि दबलेला गोळा मोजा. पिकअपला वेल्डिंगचा टाका मारणार असाल तर आधी रिलीफची स्प्रिंग काढा, उष्णतेने ती मरते. आणि पहिल्या स्टार्टआधी डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने पंप फिरवा, रॉकरपर्यंत तेल आलेलं डोळ्यांनी बघा.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर: फटी ठोकताळ्यात असतील आणि गाडी मुख्यतः रस्त्यावर चालणार असेल, तर चांगल्या प्रतीचा साधा पंप पुरतो. फक्त पाचही मेन मोजा. आता तुमचे प्रश्न घेऊ.