भुईरिंगणीच्या फळाची कसोटी

माळरानावर पसरणारी काटेरी भुईरिंगणी ग्रामीण जनतेच्या परिचयाची आहे. तिचे मूळ दशमुळांत गणले जाते. पिकून पिवळ्या झालेल्या फळांतील बियांची धुरी दाढदुखीवर घेण्याची प्रथाही जुनीच. तथापि, असे फळ वेदना व ज्वर खरोखर शमविते काय, हे प्रथेवरून सिद्ध होत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत फळाचा अर्क काढून प्रथम त्याची विषाक्तता तपासतात. मग उंदरांच्या त्वचेखाली यीस्टचे मिश्रण टोचतात. सुमारे १८ तासांनी ताप चढला की, एका गटास अर्क, दुसऱ्यास पॅरासिटामॉल व तिसऱ्यास केवळ पाणी देऊन ठराविक वेळाने तापमान नोंदवितात. हा तिसरा गट विशेष महत्त्वाचा. कारण ताप पुष्कळदा आपोआपच उतरतो आणि श्रेय मात्र औषधाला मिळते! वेदनेच्या चाचणीत सुमारे ५५ अंश सेल्सिअस उष्ण तबकडीवर उंदीर किती सेकंदांनी पाय चाटतो वा उडी मारतो, हे मोजतात. अर्थात, उंदरास गुण आला म्हणून माणसाची मात्रा ठरत नाही. त्यासाठी मानवी चाचण्या निराळ्या घ्याव्या लागतात. शिवाय ताप हिवतापाचाही असू शकतो. काढ्याने तो तात्पुरता उतरला, तरी रक्तातील जंतू कायम राहतात. म्हणून गावात तापाचा रुग्ण आढळताच त्याची रक्ततपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात विनाविलंब करून घ्यावी.