रोज्याला नोबेलचा दाखला कशाला?

रमजानचा चाँद दिसला की मुबारकबादीच्या पाठोपाठ मोबाइलवर एक मेसेज हमखास येतो. जपानच्या एका शास्त्रज्ञाने म्हणे सिद्ध केले की उपवासाने कॅन्सरच्या पेशी मरतात. त्यासाठी त्याला नोबेल मिळाले. तेव्हा रोजे ठेवा आणि हा मेसेज पुढे पाठवा. मेसेजवर दोन बाणांची खूण असते, म्हणजे तो आधीच बऱ्याच हातांतून फिरून आलेला असतो. हाच मजकूर एकादशीला आणि नवरात्रातही फिरतो. फक्त ‘रोजा’ जाऊन तिथे ‘उपवास’ येतो.

मग ग्रुपवर वाद रंगतो. कोणी ‘सुभानअल्लाह’ लिहितो. कोणी म्हणतो, दिवसभर पाणी न पिणे म्हणजे किडनीशी खेळ. कोणी इफ्तारच्या ताटातील भजी-समोसे दाखवून विचारतो, यात कसले आरोग्य? त्यावर कोणी तरी ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ची आठवण करून देतो. या गलक्यात एक माणूस गप्प बसून वाचत असतो. त्याला मधुमेह आहे आणि उद्या पहाटे सहेरीला उठायचे की नाही, हे त्याला आज ठरवायचे आहे. त्या मेसेजचा खरा परिणाम त्याच्यावर होतो.

नोबेलची गोष्ट अर्धी खरी आहे. योशिनोरी ओसुमी यांना 2016 मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले, ते ‘ऑटोफॅजी’वरील संशोधनासाठी. पेशी आपल्याच आतील जुने, निकामी भाग मोडते आणि त्यातून मिळालेला माल पुन्हा वापरते, या क्रियेचे हे नाव. ओसुमींनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हे काम पाव फुगवण्यासाठी वापरतात त्या यीस्टवर केले. यीस्टच्या पेशींना उपाशी ठेवून ही क्रिया त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि ती चालवणारी जनुके शोधून काढली. काम मोठेच आहे, पण ते पेशीच्या यंत्रणेबद्दलचे आहे. माणसाने किती दिवस उपवास केला तर कोणता आजार बरा होतो, हे त्यात सांगितलेले नाही. उपवासाने कॅन्सर बरा होतो, असे त्या संशोधनाने सिद्ध केलेले नाही.

दुसऱ्या बाजूची भीतीही सरसकट खरी नाही. महाराष्ट्रात सध्याच्या ऋतूत रोजा साधारण 13 तासांचा असतो. निरोगी प्रौढ माणसाचे शरीर एवढा वेळ सहसा निभावून नेते. प्रश्न आहे तो आजारी माणसाचा, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांचा आणि साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांचा. पोट रिकामे आणि औषध मात्र नेहमीचेच, अशा वेळी रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. 2001 च्या रमजानमध्ये 13 देशांतील बारा हजारांहून अधिक मधुमेहींची पाहणी झाली होती. टाइप 2 मधुमेह असलेल्यांमध्ये साखर अतिशय खाली जाण्याचे प्रकार इतर महिन्यांच्या तुलनेत सुमारे साडेसात पट झाल्याचे त्यात दिसले.

म्हणूनच मधुमेहींसाठी रमजानची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना तयार झाली आहे. तिचा सल्ला सरळ आहे. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे आणि आपल्याला धोका किती, हे समजून घ्यावे. औषधांची वेळ व मात्रा डॉक्टरच बदलतील. रोज्यात बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासली तर रोजा तुटत नाही. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली, तर रोजा लगेच सोडावा. दरदरून घाम, हातांची थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे दिसली तर मगरिबच्या अजानची, म्हणजे सूर्यास्ताची, वाट पाहू नये.

ताटाचेही तसेच आहे. पैगंबरांची परंपरा साधी आहे. रोजा खजुराने सोडावा, खजूर नसेल तर पाण्याने. मोठ्या मेडजूल जातीच्या एका खजुरात सुमारे 16 ग्रॅम साखर असते, म्हणून मधुमेहीने खजूरही मोजूनच खावेत. त्यावर शरबताचे दोन ग्लास आणि तळणाचा ढीग असेल, तर दोष रोज्याचा नव्हे, ताटाचा. एकादशीच्या साबुदाणा खिचडीला हाच हिशेब लागू आहे, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. वर्षातून चार दिवस भजी खाणाऱ्याला कोणी धारेवर धरू नये. मात्र महिनाभर रोज तळण आणि तेच तेल पुन्हा पुन्हा तापवणे, याची काळजी घरातच घ्यायला हवी.

मेसेज पुढे पाठवणाऱ्यांच्या हातून एक महत्त्वाची गोष्ट सुटते. आजाऱ्याला आणि प्रवाशाला रोज्यातून सवलत कुराणातच दिलेली आहे, सूरह बकराच्या 184 आणि 185 या आयतींमध्ये. बरे झाल्यावर तेवढे रोजे नंतर ठेवता येतात. ज्याचा आजार बरा होण्यासारखा नाही, त्याने प्रत्येक रोज्यामागे एका गरजूला जेवू घालावे. याला फिदिया म्हणतात. रोजा ही इबादत आहे. ती वजन उतरवण्याची योजना नाही आणि तिला प्रयोगशाळेच्या शिक्क्याचीही गरज नाही. उलट ‘विज्ञानाने सिद्ध झाले आहे’ असे ठसवत गेल्यावर, ज्याला सवलत घ्यायलाच हवी त्याला ती घेण्याची लाज वाटू लागते.

ही लाज फार घरांत आहे. गोळी घेण्यासाठी सासरे स्वयंपाकघराच्या दाराआड पाणी पितात. ‘रोजा है क्या?’ या प्रश्नाला उत्तर देणे टळावे म्हणून कोणी दुपारी मोहल्ल्यात फिरत नाही. शेजारच्या घरात एकादशी सोडलेल्या आजीचेही असेच होते. ग्रुपवर कोण जिंकले, याने या माणसांचे काही भले होत नाही. घरच्यांनीच त्यांना दुपारी सर्वांसमोर पाण्याचा ग्लास आणि गोळी हातात द्यावी, आणि संध्याकाळी इफ्तारच्या दस्तरखानावर नेहमीच्याच जागी बसवावे. फिदियाचे जेवण कोणाच्या घरी पोहोचवायचे, हेही त्यांनाच ठरवू द्यावे.