बोट घातलं तर काय होतं?

लंडनच्या क्यू उद्यानात १९८७ साली उघडलेलं प्रिन्सेस ऑफ वेल्स काचघर आहे. एका छपराखाली दहा निरनिराळी हवामानं. त्यातल्या एका भागात कीटकभक्षी वनस्पती ठेवल्या आहेत. अशा ठिकाणी गेल्यावर भल्याभल्यांना एक मोह आवरत नाही: व्हीनस फ्लायट्रॅपच्या उघड्या पानात बोट घालून बघायचा.

बोटाला काहीच होत नाही. होतं ते झाडाला. पानाच्या दोन्ही पाळ्यांवर आतून सहसा तीन-तीन केस असतात. वीसेक सेकंदांत दोनदा धक्का लागला तरच पान मिटतं. एकच लागला तर पावसाचा थेंब असेल, म्हणून ते गप्प राहतं. मिटल्यावरही आत धडपड चालू राहिली, तरच पाचकरस सुटतो. इतका हिशेब कशाला? कारण एक सापळा जन्मात मोजक्याच वेळा मिटू शकतो. त्यातली एक खेप आपण गमतीत उडवतो.

तेव्हा ही झाडं खादाड नाहीत, चिक्कू आहेत. ती किड्यांवरच जगतात हेही खरं नाही. अन्न ती इतर झाडांसारखी उन्हातच तयार करतात. किड्यातून हवा असतो नायट्रोजन आणि फॉस्फरस, कारण त्यांच्या वाट्याला आलेली जमीन निकस. म्हणूनच हौसेनं रोप आणून कुंडीत शेणखत घालणारा माणूस मायेनंच त्याचा जीव घेतो. मटणाचा तुकडा भरवला तर पान सडतं. नळाच्या पाण्यातले क्षारही सोसत नाहीत. पावसाचं पाणी उत्तम.

घटासारखी पानं असलेल्या घटपर्णीबद्दल तर लोक छातीठोकपणे सांगतात, की माशी आत गेली की झाकण बंद होतं. झाकण हलत नाही. घटाचा काठ ओला झाला की निसरडा होतो, माशीचा पाय घसरतो, एवढंच. बोर्निओतली नेपेंथिस लोवी ही जात याहून वेगळी. झाकणाखालचा गोड रस चाटायला खारीसारखा ट्री-श्रू येतो, घटावर बसतो आणि तिथेच विष्ठा टाकतो. झाडाला तेच खत. शिकार कसली, शौचकूपच!

माणूस खाणाऱ्या झाडाची गोष्टही अशीच सांगतात, पण मादागास्करचा माणूसखाऊ वृक्ष ही १८७४ साली एका अमेरिकी वर्तमानपत्रानं छापलेली थाप.

आणि कीटकभक्षी वनस्पती परदेशातल्याच, असं समजायचंही कारण नाही. साताऱ्याजवळ कासच्या सड्यावर जांभ्या दगडावर मातीचा जेमतेम थर असतो. तिथल्या ‘सीतेची आसवं’ या वनस्पतीची जांभळी-निळी फुलं आपण फोटोत भरून आणतो. पण तिला खरी मुळं नसतात. ओल्या मातीत बारीक पिशव्या असतात, आणि त्या सूक्ष्म जीव आत ओढून घेतात. त्याच सड्यावर दवबिंदू ही वनस्पतीही उगवते. तिच्या पानांवरचं दव दुपार झाली तरी सुकत नाही. ते दव नाहीच, चिकट रस आहे.