दिल्लीची फुलशेती : छत हवामानाला, आधार मुहूर्ताला

राजधानी दिल्लीतील लग्नसराई लगतच्या हरियाणा आणि उत्तर प्रदेशातील लहान शेतकऱ्यांना फुलशेतीकडे आकर्षित करते. गुलाब, जरबेरा यांसारख्या लांब दांड्याच्या फुलांसाठी हरितगृहे उभारली जातात. मात्र हरितगृह पिकाचे रक्षण करते, भावाचे नाही.

दिल्लीत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, तर जानेवारीत रात्री तो ४-५ अंशांपर्यंत उतरतो. लोखंडी पाईपच्या सांगाड्यावर सुमारे २०० मायक्रॉन जाडीचे प्लास्टिक अंथरून ही तीव्रता कमी करता येते. हिवाळ्यात बाजूचे पडदे बंद ठेवून ऊब राखली जाते. उन्हाळ्यात ते उघडून शेडनेट आणि फॉगरचा उपयोग केला जातो. पंखे आणि ओल्या पॅडची पद्धत अधिक परिणामकारक असली, तरी तिचा वीजखर्च लहान शेतकऱ्याला जड जातो.

जरबेऱ्याची फुले लागवडीनंतर सुमारे तीन महिन्यांनी सुरू होतात आणि दोन ते तीन वर्षे मिळत राहतात. हेच त्याचे बळ आणि हीच अडचण आहे. मुहूर्त नसले, तरी फुलांची तोडणी थांबवता येत नाही. त्याउलट, ग्लॅडिओलसचे कंद पंधरा दिवसांच्या अंतराने लावून हंगाम विभागता येतो.

या भागातील फुलांची मुख्य बाजारपेठ गाझीपूर येथे आहे. कॅनॉट प्लेस, मेहरौली आणि फतेहपुरी येथील घाऊक बाजार २०११ मध्ये तेथे हलवण्यात आले. पहाटे आडत्यांमार्फत सौदे होतात. पुण्याजवळच्या मावळातील गुलाबही दिल्लीच्या बाजारात येतात. स्थानिक शेतकऱ्याची वाहतूक वाचते; परंतु दांड्याची लांबी आणि प्रतवारी यांत तो कमी पडल्यास हा लाभ उरत नाही.

मार्च २०२० मधील टाळेबंदीने या व्यवसायातील जोखीम उघड केली. विवाह थांबले, मंदिरे बंद झाली आणि ठिकठिकाणी तयार फुले फेकून द्यावी लागली. कर्जाचे हप्ते मात्र शिल्लक राहिले.

फलोत्पादन अभियानातून हरितगृहासाठी मंजूर खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते. उरलेला भार शेतकऱ्यालाच उचलावा लागतो. त्यामुळे सांगाडा उभारण्यापूर्वी पंचांगातील लग्नतिथी पाहून लागवड ठरवणे, सर्व क्षेत्र एकाच फुलाखाली न आणणे आणि सजावटकारांशी आगाऊ बोलणी करणे हिताचे ठरते.