तोंडातली मोड

ॲरिस्टोफेनिसच्या ‘एक्लेसियाझूसाय’ या नाटकात (इ. स. पूर्व ३९० च्या सुमारास) एक अथेन्सकर आपली फजिती सांगतो. द्राक्षे विकून आलेली कांस्याची नाणी गालात भरून तो बार्लीचे पीठ घ्यायला बाजारात गेला. पिशवी पुढे करतो तोच दवंडी झाली : यापुढे कांस्य कोणी घेऊ नये, चांदीच चालेल. नाणी गालात का? ग्रीक वस्त्राला खिसा नसे; मोड तोंडात धरायची रीत होती. प्रेक्षक हसले असतील. मला मात्र ती रिकामी पिशवी दिसत राहते.

मुळात कांस्य आले कशाला? एका द्राख्म्याचे सहा ओबोल. (द्राख्मा म्हणजेच आपला द्रम्म, शिलाहार लेखांतला द्रम्म आणि बोलण्यातला ‘दाम’ त्याचेच वंशज.) चांदीचा ओबोल जेमतेम ०.७ ग्रॅमचा, पाव ओबोल तर ०.१८ ग्रॅमचा, माशाच्या खवल्याएवढा. ही उपमा माझी नव्हे. त्याच नाटककाराच्या ‘स्फेकेस’मध्ये (इ. स. पूर्व ४२२) न्यायसभेवर बसणाऱ्या म्हाताऱ्याला रोजचे तीन ओबोल सुटे मिळत नाहीत, सोबत्यासह दोघांत एक द्राख्मा मिळतो. सोबती मासळीबाजारातून मोड करून आणतो आणि याच्या हातावर तीन खवले ठेवतो. म्हातारा ते ओबोल समजून तोंडात टाकतो आणि वासाने थुंकतो.

कांस्याने ही अडचण सोडवली. अथेन्समध्ये आठ खाल्कूसांचा एक ओबोल होई. नाणे बोटांत धरता येण्याजोगे. पण चांदी वितळवली तरी किंमत बरीचशी उरते. कांस्य चाले ते नगराच्या शब्दावर, आणि सहसा नगरापुरतेच. क्रीटमधल्या गोर्टिनने तर इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात कायदाच दगडावर कोरला : नगराचे कांस्य वापरा, चांदीचे ओबोल घेऊ नका, मोडल्यास पाच स्टेटर दंड. दंड मात्र चांदीत!

हेलेस्पॉन्टकाठच्या सेस्टोसच्या ठरावात (इ. स. पूर्व दुसरे शतक) कांस्य पाडण्याची दोन कारणे दिली आहेत : नगराचा छाप चलनात राहावा, आणि नफा लोकांना मिळावा. मला दुसरे कारण वजनाचे वाटते. नफा म्हणजे धातूच्या आणि नाण्याच्या किमतीतला फरक. दवंडी पिटली की तोच फरक द्राक्षे विकणाऱ्याचा तोटा. म्हणूनच की काय, सेस्टोसकरांनी हे काम सचोटीने करतील अशी माणसे निवडली. त्यांतला एक मेनास. सहकाऱ्यासह त्याने ते नीट पार पाडले, असे लेख सांगतो.